वीराची कंबर

उडणारा माणूस कागदाचा कापायचा असेल तर त्याला कंबर लागत नाही. खांदे हलले पाहिजेत, कोपर वाकलं पाहिजे, मान वळली पाहिजे. बाकी तो सरळसोट असला तरच उडताना बरा दिसतो. एवढीशी गोष्ट आमच्या शाळेच्या कमिटीला कळली नाही, आणि त्यापायी काय झालं ते सांगते. माझी नातवंडं टीव्हीपुढे मांडी ठोकून उडणारे वीर बघतात आणि मला विचारतात, "आजी, तुमच्या वेळी असलं काही नव्हतं ना?" नव्हतं कसं? मी स्वतः केलं होतं. गावातल्या शहाण्यांनी त्याची माती केली, ती गोष्ट वेगळी.

साठ सालानंतरची ती वर्षं. आमचा मुलूख तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. मी नंदुरबारची, चित्रकलेची परीक्षा दिलेली, प्रकाशा गावाच्या अलीकडे तापीकाठी एका गावात शाळेत लागले. नेमणूक चित्रकलेची, प्रत्यक्षात दुसरी-तिसरीची पोरं, प्रार्थना, पाण्याचे माठ आणि सव्वीस जानेवारीच्या पताका सगळं माझ्याच गळ्यात. गाव पैसेवालं. कापूस, केळी, ऊस. मळ्यात विजेच्या मोटारी घुमायच्या आणि शाळेत कंदील.

शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष म्हणजे गावातले सगळ्यात मोठे बागाईतदार. मिशा भरघोस, आवाज मोठा, आणि दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचं नाही ही त्यांची विद्वत्ता. बाकीचे सभासद त्यांच्याच भाऊबंदांपैकी. त्यांचं काम मान हलवणं, आणि ते ती इमानेइतबारे हलवत. आमचे हेडमास्तर घाटावरचे. त्यांना पाठीचा कणा होता की नाही मला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण अध्यक्षांसमोर ते कधी सरळ उभेच राहिले नाहीत.

आदल्या पावसाळ्यात तापीला मोठा पूर आला होता. गाव उंचावर, गावाला काही झालं नाही. नाल्यापलीकडे, नदीच्या खालच्या अंगाला वाळूत टरबूज-डांगरांच्या वाड्या करणाऱ्या लोकांच्या झोपड्या होत्या, त्या गेल्या. तिथली एक मुलगी माझ्या तिसरीच्या वर्गात होती. पाणी चढलं तेव्हा तिच्या आईने तिला आणि तिच्या धाकट्या भावाला छपरावर चढवलं. छपराचं एक टोक पाण्याने ओढून नेलं. त्या टोकाला भाऊ होता.

त्यानंतर ती पोरगी नाला ओलांडेना. हिवाळ्यात त्या नाल्यात घोट्याएवढं पाणी, शेळ्याही न थबकता पार व्हायच्या. ही काठावर यायची, पाण्याकडे बघायची आणि पाटी छातीशी धरून परत फिरायची. बापाने काही दिवस खांद्यावर बसवून आणली, पण ती त्याची मान अशी आवळायची की बिचारा गुदमरायचा. शेवटी एक दिवस तो शाळेच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"बाई, आंडेरले खांडबाराले धाडी दिसू. तठे तिना मामा शे. आठे ती नाला वलांडत नही, शाळा कशी करी?"

आंडेर म्हणजे लेक. मामाकडे ती शाळा करणार होती थोडीच! मामीचं तान्हं पोर सांभाळणार आणि शेण काढणार. मी त्याला म्हटलं, "होळीपर्यंत थांबा. ती पाण्यात पाय घालेल असं मी काहीतरी करते." काय करणार हे मला तरी कुठे ठाऊक होतं? पण पोरगी अक्षराने सुंदर, चित्रात तर माझ्यासारखी, आणि ती अशी हातची जाऊ द्यायला माझं मन होईना.

नेमका त्याच सुमारास अध्यक्षांचा पुतण्या मुंबईहून कॉलेज गुंडाळून परत आला. पास होऊन आला म्हणायला जीभ रेटत नाही. त्याच्या आफ्रिकेतल्या मामाने त्याला सिनेमा काढायचा छोटा कॅमेरा आणि तो पडद्यावर दाखवायचं यंत्र दिलं होतं. कॅमेरा गळ्यात अडकवूनच तो जेवायला बसायचा. मुंबईत त्याने थेटरात हलती चित्रं पाहिलेली, तेव्हा "आपण गावात कार्टून काढू, हवेत उडणाऱ्या वीराचं!" असं त्याने जाहीर केलं. शाळेच्या नव्या खोलीचं उद्घाटन व्हायचं होतं, त्याला धुळ्याहून शिक्षणखात्याचे मोठे साहेब येणार होते. साहेबांना असलं काही दाखवलं तर जिल्ह्यात नाव होईल, हे अध्यक्षांच्या लगेच लक्षात आलं. नाव होईल म्हटलं की त्यांच्या सगळं लगेच लक्षात यायचं.

चित्रं कोण काढणार? अर्थात बाई.

मी आनंदाने हो म्हटलं, कारण मला माझी गोष्ट सापडली होती. तापीला पूर आलाय. छपरावर एक लहान पोर अडकलंय. वीर येतो, पाण्यावरून झेपावतो, पोराला उचलतो, काठावर आणतो, आणि मग त्याचं बोट धरून त्याच पाण्यात उतरवतो, घोट्याएवढ्या. बस्स. एवढंच. ती पोरगी हे डोळ्यांनी बघेल आणि तिच्या मनातलं ते छप्पर एकदाचं काठाला लागेल, असं मला वाटलं. वेडी आशा म्हणा. पण कमिटीच्या शहाणपणापेक्षा माझं वेड बरं होतं.

शनिवारी मी वस्तीवर जाऊन तिला सांगितलं. ती चुलीपाशी शेंगा फोडत होती.

"तो पोरले उचली का?" तिने विचारलं.

"उचली. मी मन्हा हाते काढसू."

ती शेंगा फोडायची थांबली. "मंग मी येसू," म्हणाली. बाप म्हणाला, त्या दिवशी खांद्यावर घेऊन येतो.

काम सुरू झालं अध्यक्षांच्या माडीवर. एका खाटेची नवार सोडून तिच्या चौकटीला कॅमेरा खाली तोंड करून बांधला, खाट दोन टेबलांवर ठेवली, आणि खाली फळीवर मी तापी रंगवली. लुगड्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून वीर केला. सांध्यांना दोऱ्याच्या गाठी. हात केसभर सरकवायचा, पुतण्याने बटण दाबायचं, एक चित्र निघायचं. परत केसभर. परत बटण. दिवस कलायचा तेव्हा वीराचा हात खांद्यापर्यंत वर आलेला असायचा. मला ते काम फार आवडलं. मानेचा काटा मोडायचा, पण आवडलं.

पुतण्याकडे रीळ एकच होतं. आफ्रिकेहून आलेलं, जेमतेम चार मिनिटांचं. दुसरं मिळायचं नाही, आणि एकदा निघालेलं चित्र पुसता येत नाही. हे मी कमिटीला बोटांवर मोजून सांगितलं. सगळ्यांनी माना हलवल्या.

आणि मग कमिटी बघायला येऊ लागली. पहिल्या दिवशी वीराच्या कपड्यांवरून वाद. पुतण्याला घट्ट विजार हवी, हेडमास्तरांना ती असभ्य वाटली. शेवटी धोतर आणि पाठीवर उडणारं उपरणं असं ठरलं. टोपी की फेटा यावर एक अख्खी सकाळ गेली. नाव काय ठेवायचं यावर तर भाऊबंदांत जुंपलीच, कारण जो तो आपल्या आजोबांचं नाव पुढे करायचा. मग नुसताच वीर ठेवला. इथवर मी हसत होते.

तिसऱ्या दिवशी अध्यक्ष लोडाला टेकून बसले, वीर उडायच्या तयारीत असलेला पाहिला, आणि कपाळाला आठी घातली.

"बाई, हा असाच निंघी जास का? कोनाच्या पाया पडाना नही?"

आमच्याकडे रीत आहे. महत्त्वाच्या कामाला निघताना घरातल्या, गल्लीतल्या थोरांच्या पाया पडून निघायचं. चांगली रीत आहे, मी काही तिला नावं ठेवत नाही. पण तिचा एक पोटनियम आहे: ओळीत बसलेल्यांपैकी एकाच्या पडलात की सगळ्यांच्या पडायलाच हवं. एखादा राहिला तर तो पुढची दहा वर्षं तुमच्या लग्नकार्याला यायचा नाही.

मी म्हटलं, "दादासाहेब, पूर आलाय. पोर छपरावर आहे. तो पाया पडत बसला तर पोर बुडेल."

"पाया पडाले कितला येळ लागस?"

"माणसाला लागत नाही. कागदाला लागतो."

हेडमास्तर खाकरले. "बाई, मुलांवर संस्कार घडवणं हेच तर आपलं ध्येय. वीराच्या ठायी विनय नसेल तर त्या शौर्याला काय अर्थ?" वा रे वा! आणि अध्यक्षांकडे बघून अर्धे वाकले.

वीराला कंबर नव्हती. मी कात्री घेतली आणि त्याला मधोमध कापला, दोऱ्याने परत जोडला. त्या क्षणापासून त्या बिचाऱ्याची रया गेली. उभा राहिला की कलंडायचा. कणा गेलेला वीर! हेडमास्तरांना तो पहिल्यापेक्षा आवडला, यात मला नवल वाटलं नाही.

पहिला नमस्कार अर्थातच अध्यक्षांना. आणि थोर म्हणून नुसता म्हातारा काढून चालेना. मिशांसकट अध्यक्षच काढावे लागले. ते कळताच दुसऱ्या दिवशी सगळे सभासद दाढ्या करून, परीटघडीचे कपडे घालून माडीवर हजर. "बाई, माझं नाक जरा नीट." "बाई, माझ्या हातात काठी दाखवा, चांदीच्या मुठीची." कुणाआधी कोण यावरून दोघा चुलतभावांत अबोला झाला. मग दोघांना शेजारी बसवून वीराने एकाच वेळी दोघांच्या पायांना एकेक हात लावला. अध्यक्षांना वाटलं, नुसतं पाया पडणं कोरडं दिसतं. प्रत्येकाने वीराच्या हातात नारळ द्यावा. मग एकाला वाटलं, नारळ दिला आणि टिळा लावला नाही हे कसं दिसेल? आणि पुतण्या प्रत्येक वाकण्याला बटण दोन-दोनदा, तीन-तीनदा दाबायचा. का, तर काकांची छबी झर्रकन निघून गेली तर काका काय म्हणतील! मी ओरडले, "अहो, रीळ संपेल!" तो म्हणायचा, "बसेल हो बाई, मला अंदाज आहे." मुंबईत शिकलेला अंदाज तो.

पुरातल्या सुटकेचा भाग मी शेवटी केला. तीन दिवस लागले. खरं सांगते, माझ्या हातून इतकं चांगलं काम पुन्हा झालं नाही. पाण्याच्या लाटा वेगळ्या कापल्या होत्या, एकावर एक सरकणाऱ्या. छप्पर डुगडुगायचं. वीर आला, झेपावला, कंबर मोडकी असूनही झेपावला. पोराच्या काखेत हात घातले. त्याला काठावर आणलं. मग दोघं बोट धरून पाण्यात उतरले. अध्यक्ष लोडावर बसून बघत होते. पुतण्या बटण दाबत होता, टक्, टक्, टक्. शेवटच्या दाबाला मी विचारलं, "आलं सगळं?" तो म्हणाला, "आलं, आलं."

रीळ मुंबईला धुवायला गेलं आणि परत आलं. मी म्हटलं, एकदा मला दाखवा. अध्यक्ष म्हणाले, छे, पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन व्हायच्या आधी कुणी बघायचं नाही, तो पाहुण्यांचा अपमान. पुतण्या तिथेच उभा होता, नखं कुरतडत.

उद्घाटनाच्या दिवशी अध्यक्षांच्या खळ्यात चादर ताणली. मोटारीच्या खोलीतून विजेची तार ओढली. साहेब आले, चांगले गृहस्थ, पुण्याकडचे, अहिराणीचा शब्द न समजणारे. हार झाले, तुरे झाले, भाषणं झाली. दिवेलागण होऊन गेली तरी सत्कार चालूच. लहान पोरं पुढे बसल्याजागी पेंगायला लागली. ती पोरगी पहिल्या रांगेत बसली होती, मागे तिचा बाप. तिने धुतलेला परकर घातला होता. ती पेंगत नव्हती.

यंत्र सुरू झालं. हेडमास्तर कर्ण्यावरून, हातातल्या कागदावर बघत, गोष्ट सांगू लागले. चादरीवर तापी दिसली, लांबवर छप्पर, छपरावर पोर. सगळं खळं "ओऽ" करून ओरडलं. पोरगी गुडघ्यांवर उठून बसली. मग वीर आला आणि वाकला. अध्यक्षांच्या पाया पडला. टाळ्या. नारळ. दुसऱ्याच्या पाया पडला. टाळ्या. नारळ. टिळा. तिसऱ्याच्या. लोक एकमेकांना कोपराने ढोसत होते, "अरे, आपला तात्या! तात्याच शे!" तात्या मान ताठ करून बसले होते. मी त्या पोरीकडे बघत होते. ती दर वेळी वीर सरळ झाला की पुढे सरकायची, आणि तो परत वाकला की थांबायची.

शेवटच्या थोराने नारळ दिला. वीर सरळ झाला, त्याने हात वर केले, उपरणं फडफडलं, आणि चादर पांढरी झाली. नुसता उजेड. यंत्र घरघरत राहिलं.

तेव्हा मला कळलं. रीळ केव्हाच संपलं होतं. तीन दिवस तो गडी रिकाम्या कॅमेऱ्याचं बटण दाबत होता, कारण समोर काका बसलेले, आणि त्यांच्या नमस्कारांत रीळ खपलं हे त्यांच्या तोंडावर सांगायची त्याची छाती नव्हती. धुऊन आल्यावर तरी सांगायचं! तेही नाही. मेल्याने मला तीन दिवस हवेत चित्रं काढायला लावली.

पण आमच्या हेडमास्तरांचं अडलं नाही. कागदावर लिहिलेलं होतं ते त्यांनी त्या पांढऱ्या चादरीसमोर खणखणीत आवाजात वाचून टाकलं: "आणि अशा रीतीने वीराने त्या बालकाचे प्राण वाचवले!" लोकांनी टाळ्या कुटल्या. देवाशप्पथ, कुटल्या. ज्याने त्याने आपलं तोंड बघून घेतलं होतं. पोराचं कुणाला पडलं होतं?

टाळ्या थांबल्या तशी ती पोरगी उठली. चादरीजवळ गेली, चादर बाजूला करून मागे काही आहे का ते पाहिलं, आणि माझ्याकडे वळली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने विचारलं,

"बाई, मन्हा भाऊ वाही गया तवय बी तो पाया पडी ऱ्हायंता का?"

ज्यांना अहिराणी येत होती ते सगळे जमिनीकडे बघू लागले. साहेबांनी हसून हेडमास्तरांना विचारलं, "काय म्हणते मुलगी?"

हेडमास्तर म्हणाले, "साहेब, फार आवडलं म्हणते. विचारते, पुढचा भाग केव्हा?"

साहेबांना इतका आनंद झाला की त्यांनी आपल्या गळ्यातला झेंडूचा हार काढला आणि खाली वाकून त्या पोरीच्या गळ्यात घातला. तिच्या गुडघ्यांपर्यंत आला तो.

माझं डोकं फिरलं. मी पुढे गेले, हेडमास्तरांच्या हातातला कर्णा ओढून घेतला आणि म्हटलं, "साहेब, ती तसं म्हणत नाही. हिचा भाऊ पुरात गेला. ती विचारते, माझा भाऊ वाहून गेला तेव्हाही तो वीर पाया पडतच होता का?"

साहेबांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. ते अध्यक्षांकडे बघू लागले. अध्यक्ष माझ्याजवळ आले आणि दात आवळून म्हणाले, "बाई, पाहुण्यासमोर हाई काय शोभस का? पहिले साहेबासना पाया पडा, मग काय बोलनं ते बोला."

मी पडले नाही. त्या पोरीचा हात धरून खळ्याबाहेर आले. बाप कंदील घेऊन मागोमाग आला. नाल्याशी पोचलो तेव्हा मी चपला काढून पाण्यात उतरले आणि हात पुढे केला. "ये," म्हटलं, "माझं बोट धर." तिने माझ्या हाताकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, आणि मागे वळून बापापुढे दोन्ही हात वर केले. त्याने तिला हारासकट खांद्यावर घेतलं. पुढच्या बाजारी तो तिला खांडबाऱ्याला मामाकडे पोचवून आला.